बेटावरचा पंचनामा



अध्यक्षीय भाषणाची सुरुवात ज्ञानेश्वरांपासून करायची आपली प्रथा आहे. मी आज खुनापासून करणार आहे. आपण रहस्यकथेच्या संमेलनाला अध्यक्ष बोलावलात, तेव्हा एवढी मुभा गृहीत धरतो.

या शहराला मराठी संमेलन नवं नाही. १९३१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांनी रहस्यकथा लिहिली नाही. पण जातिव्यवस्थेचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवलेला हा समाजशास्त्रज्ञ कादंबरीकडे वळला, तो समाजाची चौकशी करायला. कोण कोणाशी सोयरीक करतो, कोणाला पंगतीत घेत नाही, का घेत नाही, हे त्यांच्या कादंबऱ्या विचारत राहिल्या. रहस्यकथेतला तपास अधिकारी वेगळं काय विचारतो? फक्त त्याच्या समोर एक प्रेत असतं, म्हणून लोकांना उत्तर द्यावं लागतं.

आपल्याकडे रहस्यकथेला साहित्याच्या पंगतीत उशिरा पान मिळालं, आणि तेही कडेला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना वाचायची सवय लावली. गुरुनाथ नाईकांनी तोच वेग पुढे चालवला. सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद वाचनालयात जागेवर कधी सापडायचे नाहीत. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं मुलांना डोळे उघडे ठेवून सायकल चालवायला शिकवलं. समीक्षकांनी या मंडळींची दखल घेतली नाही, वाचकांनी पानं सुटेपर्यंत घेतली.

आणि आपण हैदराबादकर तर तिप्पट भाग्यवान. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेल्या पिढीला इब्ने सफी मुळातून वाचता येत होते. त्यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये अलाहाबादेत सुरू झाली आणि कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद ही नावं उर्दू वाचणाऱ्या घरोघरी झाली. शेजारच्या तेलुगू घरात कोम्मूरी सांबशिवराव यांचा डिटेक्टिव्ह युगंधर होता, पुढे मधुबाबूंचा शॅडो आला. एकाच गल्लीत तीन लिप्यांमधले गुप्तहेर नांदत होते.

मला आज बोलायचं आहे ते या मोठ्या घराण्यातल्या एका शाखेविषयी: बेटावर घडणारी रहस्यकथा. मराठी रहस्यकथा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर वाढली. शहरातल्या गुन्हेगाराला गर्दीत नाहीसं होता येतं, म्हणून तिथे पाठलाग रंगतो. बेटावर पाठलागाला रस्ताच नसतो. खून झाला, होडी धक्क्याला बांधलेली आहे, याचा अर्थ खुनी इथेच कुठेतरी चहा पितोय.

हा साचा जगाला पाठ करून दिला अगाथा ख्रिस्तीनं, १९३९ मध्ये. डेव्हनच्या किनाऱ्याजवळचं एक बेट, दहा माणसं आणि बाहेर वादळ. आपल्यापैकी बहुतेकांनी ती गोष्ट आधी पडद्यावर पाहिली. राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाचा १९६५ चा ‘गुमनाम’ त्याच साच्यातला. त्यात मेहमूद हैदराबादी बोलणारा खानसामा झाला होता. माणसं एकामागून एक मरताहेत आणि त्यात आपली दखनी ऐकून थिएटरात हशा पिकतोय, असा योग फक्त या शहराच्याच वाट्याला आला.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाच्या नजरेस पडला पाहिजे. बेटावर हा नियम आपोआप पाळला जातो. म्हणून लेखकांना बेट सोपं वाटतं. दहा माणसं आणा, वादळ उठवा, टेलिफोनची तार तोडा. पण एवढ्यावर थांबणारी कादंबरी खोटी असते, कारण बेट कधीच पूर्ण तुटलेलं नसतं. ख्रिस्तीच्या त्या दहा जणांपैकी बहुतेकांना बेटावर आणलं पत्रांनी, आणि ज्यासाठी आणलं ते मृत्यू घडले होते बेटाबाहेर, कायद्याचा हात पोचत नव्हता अशा जागी. जपानच्या सेइशी योकोमिझोनं युद्ध संपल्यावर लगेच, १९४७-४८ मध्ये, ‘गोकुमोन’ बेटाची कादंबरी लिहिली. तिथे कोसुके किंदाइची हा गुप्तहेर येतो तो युद्धाहून परतताना मेलेल्या सोबत्याचा निरोप घेऊन. कोळ्यांच्या त्या बेटावर गावकरी त्याला जेवू घालतात, पण हवं ते सांगत नाहीत. खुनी कोण ते मी सांगणार नाही. अध्यक्षाला एवढा संयम हवा. सांगतो ते एवढंच, की गुन्ह्याची मुळं बेटाच्या मानपानात आहेत आणि ठिणगी बाहेरून आलेल्या होडीत.

तेव्हा माझं म्हणणं असं. बेटावरच्या रहस्यकथेत खुनी शोधणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे एवढीशी वस्ती, जिथे कोणाच्या घरी आज काय शिजलं हेही सगळ्यांना ठाऊक, ती एका माणसाविषयी गप्प कशी राहते, हे शोधणं. आणि हे लिहायला मराठी लेखकाला डेव्हनला जायची गरज नाही.

घारापुरी घ्या. मुंबईच्या गेटवेहून लाँचनं तासाभराची वाट. दिवसभर लेणी पाहायला जगभरचे लोक येतात. संध्याकाळी शेवटची लाँच सुटते, पर्यटकाला मुक्कामाची परवानगी नाही, आणि मग उरतात शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्यांतली माणसं. सोमवारी लेणी बंद. समुद्राखालून केबल टाकून इथे कायमची वीज पोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत; तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, नंतर काळोख. समोर अख्ख्या मुंबईचे दिवे दिसत असताना! आता सांगा, रविवारी शेवटच्या लाँचनं परतलेल्यांत एक माणूस कमी भरला, तर कादंबरी सुरू व्हायला आणखी काय हवं?

तिकडे वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचं बेट, त्यावर किल्ला आणि भोवती कोळ्यांची वस्ती. ज्या लेखकानं मराठीला हजारांहून अधिक रहस्यकथा दिल्या, त्याच्या टोपणनावातच हे गाव होतं. आपण मात्र अजून त्या बेटाच्या होडीत बसायचे आहोत.

तिथे बसलात तर पुरावे हाताशी येतात. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या सुमारास, तीही उधाणाची. अष्टमीला सहाच्या सुमारास आणि भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही. आता कादंबरीतला साक्षीदार सांगतो: “अष्टमीची रात्र होती साहेब, बारा वाजता पाणी पार पायरीला लागलं होतं, होडी तिथूनच लोटली.” शहरातला वाचक हे वाक्य सहज ओलांडून जाईल. तांडेलाची म्हातारी आई मात्र तिथेच मान वर करेल. त्या घटकेला ओहोटी असते. होडी चिखलात रुतलेली असणार. साक्षीदार खोटा आहे, हे फॉरेन्सिक प्रयोगशाळेच्या आधी पंचांगानं सांगितलं. सगळा पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर होता, म्हणजे नॉक्ससाहेबही खूश.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांना आसपासच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणोत्तर पंचनामा करावा लागतो. शहरात हे दोन पंच मिळवताना हवालदाराची दमछाक होते. बेटावर पंच लगेच मिळतात, पण एक मृताचा चुलत भाऊ असतो आणि दुसरा संशयिताच्या होडीत निम्म्याचा भागीदार. कागदावर दोघेही निःपक्षपाती. पंचनाम्यात काय लिहिलं गेलं नाही, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

इथे तरुण लेखकांना एक सूचना. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून खुन्याकडून कबुली घेणं हा विलायती शेवट आपल्या कायद्यात टिकत नाही. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही आहे. खासगी गुप्तहेरापुढच्या कबुलीकडे न्यायालय फार सावधपणे पाहतं. म्हणून आपल्या तपासाला वस्तू लागते, जागा लागते, तोंड उघडणारा माणूस लागतो. ही अडचण समजू नका. यामुळेच आपली कादंबरी पुन्हा गावाच्या दाराशी जाते.

आणि गाव तोंड का उघडत नाही? प्रेमापोटी, कर्जापोटी, आणि वाळीत पडण्याच्या भीतीपोटी. रायगडच्या किनारी गावांतून बहिष्काराच्या तक्रारी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत आल्या. दुकानदार मीठ देणार नाही, लग्नाला कोणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ मध्ये तो लागू झाला. मुख्य भूमीवर वाळीत पडलेला माणूस निदान शेजारच्या गावी तरी जाऊ शकतो. बेटावर त्याला होडीतही घेत नाहीत. खरं बोलण्याची किंमत जिथे एवढी, तिथे साक्षीदार गप्प राहिला म्हणून त्याला भित्रा ठरवून मोकळं होता येत नाही. हे तोलणं कादंबरीकाराचं काम आहे.

आता आपल्या हैदराबादकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि इथला मराठी माणूस होता तिथेच राहून परप्रांतात गेला. तेव्हापासून ‘आम्ही म्हणजे बेट’ असं आपण भाषणांतून म्हणत आलो. मला ते पटत नाही. काचीगुडा स्थानकाहून मराठवाड्याकडे गाडी सुटते, मुलं तेलुगूत भांडतात, बाजार दखनीत होतो. आपण तुटलेले नाही. बेटासारखं आपल्याकडे काही असेल तर ते मौन. ‘आपल्या माणसाचं’ बाहेर बोलायचं नाही. मंडळाच्या हिशेबातली गडबड, सुनेच्या अंगावरचे वळ, भावानं परस्पर विकलेलं वडिलांचं घर. सगळ्यांना माहीत असतं आणि इतिवृत्तात काही नसतं. हे मौन पाळायला समुद्र लागत नाही.

म्हणून वाटतं, मराठीला हवा असलेला नवा गुप्तहेर इथे घडू शकतो. अ‍ॅन क्लीव्हजच्या शेटलंडमधल्या कादंबऱ्यांत इन्स्पेक्टर पेरेझ हा बेटावरचाच आहे, पण त्याचं आडनाव स्पॅनिश. तो घरचाही आणि जरासा परकाही, म्हणून त्याला ऐकू येतं. आपल्या हैदराबादी मराठी माणसाची हीच जात. मराठी राज्यातला नाही, मराठीबाहेरचाही नाही. एकच साक्ष मोलकरणीकडून तेलुगूत, रिक्षावाल्याकडून दखनीत आणि घरमालकिणीकडून मराठीत ऐकली, तर कोण कुठे थबकलं हे त्याला कळेल. अशा माणसाला एकदा शेवटची लाँच सुटल्यावर घारापुरीवर ठेवून पाहा.

एवढी एकच अपेक्षा आहे. खुनी सापडल्यावर कादंबरी लगेच संपवू नका. शहरात अटक झाली की वाचक पुस्तक मिटतो. बेटावर दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं, आणि १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की त्याच होडीत, त्याच माणसांसोबत बसायचं असतं. ज्यानं साक्ष दिली त्याच्या शेजारी कोण बसलं? ज्याच्या मुलाला नेलं त्या बापाला जाळ्यातला वाटा मिळाला का? ही पुढची दहा पानं लिहाल, तर साहित्याच्या पंगतीत रहस्यकथेचं पान कडेला राहणार नाही. ती पानं लिहिणारं कोणीतरी या सभागृहात बसलं आहे असं मी धरून चालतो, आणि पुढच्या वर्षी हे व्यासपीठ त्यांच्यासाठी मोकळं ठेवावं अशी संयोजकांना विनंती करून थांबतो.