कर्ज देण्याआधी वायरमनला विचारलं



आमच्या गटातल्या एका ताईंचं घर रानात, वस्तीवर आहे. विजेचा खांब लांब. पोरं मोबाईलच्या उजेडात अभ्यास करतात. गेल्या उन्हाळ्यात ताईंनी गटाकडं पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. भंगारात हायब्रिड गाडीची बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळत होता. मुलगा म्हणाला, "इन्व्हर्टर म्हणजे इन्व्हर्टर. घराला जोडतो."

ताईंचा हप्ता कधी चुकला नव्हता. आम्ही हो म्हणायलाच बसलो होतो. तेवढ्यात एकीनं विचारलं, "पण कुणाला शॉक बसला तर?" सगळ्या गप्प झाल्या. ठराव आठवडाभर थांबवला आणि ओळखीच्या वायरमनदादांना बैठकीला बोलावलं.

दादांनी सोपं करून सांगितलं. हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं, जोडीला विजेची मोटर. जपानमध्ये १९९७ साली आलेली प्रियस ही अशीच गाडी. तिच्या दुसऱ्या पिढीच्या मॉडेलमध्ये बॅटरी सुमारे २०० व्होल्टची, आणि इन्व्हर्टर तो दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवतो. ही वीज थ्री फेज असते आणि गाडीच्या वेगाप्रमाणं बदलत राहते. आपल्या घराला लागते २३० व्होल्टची, एकसारखी वीज. म्हणून तो इन्व्हर्टर सरळ जोडता येत नाही. आतलं कंट्रोल कार्ड बदलावं लागतं, वीज घरच्या वापरासारखी करून घ्यावी लागते. जाणकार हे करतात, पण तो घरी बसून करायचा उद्योग नाही.

शिवाय बॅटरी तोडली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. गाडी दुरुस्त करणारेसुद्धा सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबतात, मीटर लावून बघतात, मगच हात घालतात. त्या नारिंगी वायरी म्हणजे धोक्याची खूण.

मुलगा हटला नाही. "जपानात २०११ च्या भूकंपानंतर लोकांनी गाडीवर विजेची उपकरणं चालवली की!" खरं आहे. पण त्या गाड्यांना कारखान्यातूनच १०० व्होल्टचा, १५०० वॅटचा प्लग बसवलेला होता. कुणी इन्व्हर्टर उपसून काढला नव्हता.

मग आम्ही वहीत हिशोब मांडला. नऊ वॅटचे तीन बल्ब पाच तास, म्हणजे १३५. कमी विजेचा २८ वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे २२४. मोबाईलला तीसेक. एकूण सुमारे ३९० वॅट-तास, अर्ध्या युनिटाच्याही आत! एवढ्यासाठी पाचशे व्होल्ट घरात कशाला आणायचे? १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास मावतात. ॲसिडची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची, तरी ६०० हाती राहतात. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा पंखा जपून.

भंगारासाठी कर्ज नाही, असं तोंडावर सांगताना आम्हाला जड गेलं. ताई दोन बैठका आल्या नाहीत. मग आम्हीच वस्तीवर गेलो, वही उघडून दाखवली. सोलर पॅनेल, नवी बॅटरी आणि घरगुती इन्व्हर्टरसाठी कर्ज मंजूर केलं. रक्कम वाढली, म्हणून हप्ते वाढवून दिले. जोडणी दादांनी केली, मुलगा शेजारी उभा राहून शिकला. आता तो त्यांच्याबरोबर कामाला जातो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर चार गोष्टी विचारा. रोज किती वीज लागणार? वस्तूवर किती व्होल्ट लिहिलेत? जोडणार कोण? बिघडली तर दुरुस्त कोण करणार? बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बॅटरी चुलीपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. जुनी झाली की दुकानदाराला परत द्या, अंगणात फोडू नका. आत शिसं आणि ॲसिड असतं.

पोरांची हुशारी वाया घालवू नका, पण तिला जाणत्या माणसाची जोड द्या. कर्ज बुडलं तर गट उभा करता येतो. माणूस परत आणता येत नाही.