आपले नागपूर समजून पाहू या
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला दीक्षाभूमीवर नेतो, वंदन करतो आणि परततो. पण 'बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले?' असे त्याने विचारले, तर आपल्यापैकी कितीजण नीट उत्तर देऊ शकतील? म्हणून आज हे शहर आपण क्रमाने पाहू या.

सुरुवात सीताबर्डीच्या किल्ल्यापासून. १८१७ साली येथे इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा केले. १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. जवळच झिरो माईलचा स्तंभ आहे. ती इंग्रजांच्या भूमापनाची खूण. पुढे विधानभवन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपद गेले. आज ते महाराष्ट्राची उपराजधानी आहे आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते.

या झाल्या सत्तेच्या खुणा. आता आपल्या चळवळीच्या खुणा पाहू. जुलै १९४२ मध्ये येथील मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तेथेच झाला. त्याच वेळी आपल्या माय-भगिनींनीही स्वतःची परिषद घेतली.

राजधानीपद जाण्यास अवघे अठरा दिवस उरले असताना, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. नागपूरच का, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात दिले: नाग लोकांनी बुद्धाचा धम्म भारतभर पसरविला, आणि ही त्या नागांची भूमी.

तेथील भव्य स्तूपाचे उद्घाटन २००१ मध्ये झाले. शेजारचा बोधिवृक्ष पाहा. त्याची रोपे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणली होती. नंतर चिचोलीच्या शांतिवनात जा. बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र पाहून मन भरून येते.

मित्रांनो, किल्ले दगडांचे असतात, ते टिकतात. पण त्या मैदानावर बसून बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांपैकी कोणी तुमच्या वस्तीत, तुमच्या घरात असतील. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. हे काम उद्यावर टाकू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!