घडीची पेटी आणि रिकामी परतफेरी

आज बोलूया धान्य न्यायच्या, घडी होणाऱ्या स्टीलच्या पेटीबद्दल.

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन, तूर पोत्यातनं हलते. नांदेडची हळदही तशीच. हमालाच्या पाठीवरनं ट्रकमध्ये, ट्रकमधनं पुन्हा पाठीवर. शिवण उसवली की माल सांडतो. 1 घनमीटरच्या पेटीत 7 क्विंटल सोयाबीन सहज मावतं, म्हणजे 50 किलोची 14 पोती. पण माल उतरवल्यावर रिकामी पेटी तेवढीच जागा अडवते. पोत्याची मात्र घडी होते! म्हणून पेटीचीही व्हायला हवी. चार पेट्या एकीच्या जागेत बसल्या, तर परतीच्या ट्रकमध्ये दुसरा माल येतो, भाडं सुटतं.

खरी मेख सांध्यात आहे. धान्य भिंतीला बाहेर रेटतं. 1 मीटर उंच भरलेल्या सोयाबीनचा तळाजवळचा रेटा दर चौरस मीटरला साधारण 300 किलो धरा. तो एकट्या बिजागरीवर टाकायचा नाही; कोपऱ्यातल्या खिट्ट्या आणि तळाची चौकट यांनी तो पेलला पाहिजे. आणि फटीत दाणा अडकला की कीड, बुरशी आलीच. त्यामुळे सांधा उघडून झाडता आला पाहिजे.

आता हमालांचं काय? हमाली पोत्यामागे मिळते. 14 पोत्यांची एक पेटी झाली, तर पाठ वाचेल, पण मजुरी? ती क्विंटलवर आधीच ठरवा. नाहीतर पेटी मोंढ्याच्या गेटवरच अडेल, आणि त्यात हमालांची चूक नसेल.