नोकरीचा शोध आणि झाकली मूठ



नोकरी सुटली की मनुष्य पुष्कळदा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ती वार्ता लपवणे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये, मुलीच्या स्थळाला बाधा येऊ नये, नातेवाइकांत कमीपणा येऊ नये, ही त्यामागची भावना असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात अनेक ठिकाणी खरी ठरते. नोकरीच्या शोधात मात्र ती नुकसान करते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून काम मिळाले, त्यांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो आपणांस किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्यांकडून काम कळलेले शेकडा १७ च्या आसपास निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले सुमारे ५६, तर क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळलेले सुमारे २८ होते. म्हणजे जिवलगांपेक्षा दूरचे परिचितच अधिक उपयोगी पडले.

याचे कारण साधे आहे. घरची माणसे व जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात; जे आपणांस ठाऊक, तेच त्यांना. जुना सहाध्यायी, पूर्वीच्या कचेरीतील सहकारी, माल पुरवणारा व्यापारी, लग्नसमारंभात भेटणारा लांबचा पाहुणा यांचा वावर निराळ्या ठिकाणी असतो. तेथील रिकाम्या जागेची बातमी जाहिरात येण्यापूर्वी त्यांच्या कानी पडते.

याची उलट बाजू मुंबईच्या गिरणगावाने पाहिली. गिरणीत भरती व्हायची ती बव्हंशी जॉबरच्या आणि गाववाल्यांच्या ओळखीने. भाऊ, मेहुणा, खोलीतील सोबती असे सारे त्याच धंद्यात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढे असंख्यांचे काम कायमचे गेले. तेव्हा ज्याच्याकडे मदतीसाठी जावे, तोही त्याच संकटात होता. जिव्हाळ्यास तोटा नव्हता. परंतु नव्या कामाची बातमी त्या वर्तुळात बाहेरून येणार कोठून?

लिंक्डइन या संकेतस्थळावरील सुमारे दोन कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती अभ्यासून २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातही हेच आढळले, मात्र एका दुरुस्तीसह. अगदीच नाममात्र ओळख तितकी कामी येत नाही. थोडी जुजबी, पण दोन्हीकडचे काही समान परिचित असलेली ओळख सर्वाधिक फळते.

विलंबाचीही किंमत असते. अमेरिकेतील १०० शहरांत सुमारे १२ हजार नमुना अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्जदार जितके महिने रिकामा, तितकी मुलाखतीची बोलावणी कमी होत गेली आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. मूठ झाकून घालवलेले महिने नेमके हेच असतात.

म्हणून नोकरी जाताच, अथवा जाण्याची चिन्हे दिसताच, तीस-चाळीस परिचितांची यादी करावी. ‘कोठे काही असेल तर पाहा’ असे मोघम बोलू नये. ऐकणाऱ्याच्या ध्यानात काहीच राहत नाही. ‘औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचा दहा वर्षांचा अनुभव आहे, पुणे परिसरात काम हवे आहे,’ असे नेमके सांगावे. प्रथम नोकरी मागू नये, माहिती मागावी. त्या क्षेत्रातील आणखी एका व्यक्तीचे नाव विचारावे. मागणाऱ्यासही त्यात संकोच वाटत नाही आणि देणाऱ्यावरही भार पडत नाही. कोणास केव्हा भेटलो याची वहीत नोंद ठेवावी व आठ-दहा दिवसांनी नम्रपणे आठवण करावी. जाहिराती पाहणे व अर्ज करणे चालूच ठेवावे. मात्र नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. काम मिळाल्यावर ज्यांनी ज्यांनी वाट दाखविली, त्या सर्वांना आवर्जून कळवावे.

ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. कोणी धीर करून आपली अडचण सांगितली, तर कीव करू नये आणि ती गोष्ट चारचौघांत चघळू नये. ‘अमुक गृहस्थांना भेटा, माझे नाव सांगा,’ एवढे एक वाक्य पुरेसे असते. हे वाक्य ऐकावयास मिळेल असा विश्वास जेथे असतो, तेथे मूठ झाकण्याची पाळी कोणावर येत नाही.