कॉलिंगवूडचा पहारा



ट्रफाल्गारची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ ला दुपारी सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत आटोपली. त्या काही तासांवर ग्रंथालयांची कपाटंच्या कपाटं भरली आहेत. आज मला त्या तासांबद्दल फारसं बोलायचं नाही. त्याच्या आधीची आणि नंतरची जी वर्षं एका माणसाने शत्रूच्या बंदरांसमोर पहारा देत काढली, त्यांबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव कथबर्ट कॉलिंगवूड. इंग्रज सेनापती नेल्सनचा जुना मित्र, आणि त्या लढाईत नेल्सन पडल्यावर त्याच्या आरमाराची सूत्रं हाती घेणारा सेनापती.

१७४८ साली न्यूकॅसलला जन्मलेला हा मुलगा १७६१ मध्ये जहाजावर चढला. मे १८०३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला ॲडमिरल होता. मॉर्पेथ गावात त्याचं घर होतं, बायको होती, दोन लहान मुली होत्या. त्या वर्षी तो घरातून निघाला तो परत घरी आला नाही.

त्याच्या वाट्याला आलेलं काम म्हणजे शत्रूच्या बंदरांची नाकेबंदी. ती काय असते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि ऐन पावसाळ्यातही तो उठवला नाही. तरीही शिवाजी महाराज निसटले ते पावसाळी रात्रीच. वेढा घालणाऱ्याची खरी कसोटी हवामान बिघडतं तेव्हाच लागते, आणि समुद्रावर हे शतपटीने खरं आहे. सिद्दीच्या शिपायाला निदान पायाखाली जमीन होती. फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराबाहेर थांबलेल्या इंग्रज आरमाराला तीही नव्हती. पश्चिमेचं वादळ आलं की मागे किनारा, पुढे उशांत बेटाचे खडक. वादळ फारच झालं तर आरमार इंग्लंडच्या टॉरबेच्या आडोशाला जायचं. पश्चिमेचा वारा फ्रेंचांनाही बंदरात कोंडून ठेवायचा, म्हणून एवढं चालून जाई. पण वारा पूर्वेकडून वाहू लागला की फ्रेंचांना बाहेरची वाट मोकळी. त्याआधी पहारेकरी जागेवर परत हवेत. हा लपंडाव दिवसरात्र, बारा महिने चाले.

अशा कामात जहाजं झिजतात. तळाला तांब्याचे पत्रे ठोकले तरी शेवाळ आणि कालवं चिकटतात, दोर कुजतात, डोलकाठ्या तडकतात. पण जहाज गोदीत नेऊन दुरुस्त करता येतं. माणूस? कॉलिंगवूडची थोरवी मला इथे दिसते. नाकेबंदी तोफांनी टिकत नाही, ती खलाशाच्या शरीरावर आणि मनावर टिकते, हे त्याने त्याच्या काळातल्या बहुतेकांपेक्षा आधी ओळखलं होतं.

त्या काळी इंग्रज आरमारात शिस्त म्हणजे नऊ पदरी आसूड. १७९७ मध्ये स्पिटहेड आणि नोर इथे खलाशांनी उठाव केले, त्यामागे पगार आणि अन्न यांच्या तक्रारी तर होत्याच, अधिकाऱ्यांचा जाचही होता. कॉलिंगवूडनेही तरुणपणी आसूड वापरला. पुढे मात्र त्याने तो जवळजवळ खुंटीला टांगला. त्याच्या शिक्षा निराळ्या: चुकणाऱ्याच्या रममध्ये जास्त पाणी, जादा पाळी, जेवताना सोबत्यांपासून वेगळं बसवणं. अधिकाऱ्यांना त्याची ताकीद होती की माणसाला नावाने हाक मारा, नाव ठाऊक नसेल तर ‘खलाशी’ म्हणा, पण कुणाला तुच्छतेने हाकारू नका. आरमारप्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंट हा स्वतः कठोर शिस्तीचा माणूस, तरी बंडखोर खलाशी हाताबाहेर गेले की तो त्यांना कॉलिंगवूडच्या जहाजावर पाठवी. तिथे ते वठणीवर येत. याला दया म्हणून सोडून देऊ नका. महिनोन्‌महिने बंदर न पाहणाऱ्या माणसाला फटक्यांच्या भीतीवर पहाऱ्यात जागं ठेवता येत नाही, हा त्यामागचा अचूक हिशोब होता.

तीच गोष्ट आरोग्याची. १७९५ पासून आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला होता, त्यामुळे स्कर्व्हीचा काळ मागे पडत होता. पण ओल्या, कोंदट खालच्या मजल्यांवर ताप पसरायचा तो पसरायचाच. कॉलिंगवूड त्या मजल्यांवर मोकळी हवा खेळती राहावी, जागा कोरडी राहावी, यासाठी काटेकोर असे. पुढे भूमध्य समुद्रात त्याच्या ध्वजजहाजावर सुमारे ८०० माणसं असायची. दीड वर्षाहून अधिक काळ जहाज बंदरात गेलं नव्हतं, तेव्हाही आजाऱ्यांच्या यादीत चार-सहा नावांपलीकडे काही नसे, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. रिकाम्या वेळी तोफांची कवायत. ‘ड्रेडनॉट’ जहाजावरचे त्याचे गोलंदाज साडेतीन मिनिटांत तीन फैरी झाडत.

आता ऑगस्ट १८०५ मधला एक दिवस जवळून पाहू. कॉलिंगवूड स्पेनच्या काडिझ बंदरासमोर होता, लढाऊ जहाजं अवघी तीन. २० तारखेला क्षितिजावर शिडं दिसली आणि दिसतच राहिली. फ्रेंच सेनापती व्हिलनव्ह फ्रान्स आणि स्पेनचं संयुक्त आरमार घेऊन येत होता. दुसरा कोणी जिब्राल्टरकडे पळाला असता किंवा शौर्याच्या भरात बुडाला असता. कॉलिंगवूड सामुद्रधुनीच्या दिशेने सावकाश मागे सरकला, तोफेच्या पल्ल्याबाहेर, पण नजरेच्या आत. पाठलागावर आलेली शत्रूची जहाजं वळली, तसा तोही वळला. ती पाठलाग सोडून बंदरात शिरली आणि हा पुन्हा दारात येऊन उभा राहिला. क्षितिजाजवळ एक जहाज ठेवून, पलीकडे मोठं आरमार असल्यासारखी निशाणं त्याने चढवत ठेवली. काही दिवसांनी मदत येईपर्यंत मूठभर जहाजांनी एवढं मोठं आरमार असं कोंडून धरलं.

त्याने किनाऱ्याने येणारी रसदही रोखली. बंदरात एवढ्या माणसांची पोटं आणि बाहेरून धान्य बंद. २८ सप्टेंबरला नेल्सन येऊन पोचला, तेव्हा सापळा तयार होता. लढाईत ‘रॉयल सॉव्हरिन’ जहाज सर्वांच्या पुढे जाऊन शत्रूच्या रांगेत घुसलं, त्यावर कॉलिंगवूडच होता. नेल्सन कोसळला, मागोमाग वादळ आलं, आणि मोडक्या आरमाराचा भार याच्या खांद्यावर पडला. विजयानंतर घरी जायची मुभा बहुतेकांना मिळते. याला मिळालं भूमध्य समुद्राचं सेनापतिपद, आणि पुन्हा काडिझसमोरचा पहारा.

ट्रफाल्गारमधून वाचून काडिझमध्ये शिरलेली मोठी फ्रेंच जहाजं तिथून कधी निसटू शकली नाहीत. १८०८ मध्ये स्पेन नेपोलियनविरुद्ध उठला आणि जूनमध्ये स्पॅनिश लोकांनीच ती ताब्यात घेतली: पाच मोठी जहाजं आणि एक फ्रिगेट. ज्या शहराला त्याने वर्षानुवर्षं कोंडलं, त्या काडिझमध्ये कॉलिंगवूड उतरला तेव्हा लोकांनी त्याचं जल्लोषात स्वागत केलं. माझ्या मते ट्रफाल्गारइतकाच हा त्याचा विजय आहे.

याच काळात जहाजं बांधायला लागणारा इंग्लंडमधला ओक संपत चालला होता. कॉलिंगवूड घरी असताना खिशात ओकची बियाणं ठेवून फिरायला जायचा आणि कुंपणाकाठी पेरायचा, पुढच्या जहाजांसाठी. या टंचाईचे पडसाद आपल्याकडेही उमटले. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडिया यांनी सागवानातून ७४ तोफांचं ‘मिंडेन’ बांधलं, ते १८१० मध्ये पाण्यात उतरलं.

कॉलिंगवूडचे दोषही सांगायला हवेत. मोरोक्कोच्या सुलतानापासून सिसिलीच्या दरबारापर्यंतचा पत्रव्यवहार तो स्वतः करी, दुसऱ्यावर काम सोपवणं त्याला जमलं नाही. १८०८ च्या सुरुवातीला फ्रेंच सेनापती गँटोम फ्रान्सच्या तुलाँ बंदरातून आरमार घेऊन निसटला, कॉर्फू बेटाला रसद पोचवून परतही आला, आणि कॉलिंगवूडला तो सापडला नाही. हे त्याच्या जिवाला लागलं. एकदा तर २२ महिने त्याच्या जहाजाने नांगरच टाकला नव्हता, असं सांगतात. खलाशांच्या प्रकृतीची एवढी निगा राखणाऱ्या या माणसाने स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र पाहिलं नाही. पोटाचा आजार वाढत गेला. कामातून मुक्त करा अशी विनंती त्याने केली, तर सरकारने राहण्याचा आग्रह धरला आणि तो राहिला. मुलींच्या शिक्षणाबद्दल तो घरी लिहायचा, भूमितीही शिकवा म्हणायचा. सोबतीला बाउन्स नावाचा कुत्रा होता, तोही १८०९ मध्ये समुद्रात पडून गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुलाँहून बार्सिलोनाकडे रसद घेऊन निघालेला फ्रेंच ताफा त्याच्या आरमाराने गाठला. ‘रोबुस्त’ आणि ‘लिऑन’ ही मोठी जहाजं इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून फ्रेंचांनीच पेटवून दिली.

मार्च १८१० मध्ये अखेर त्याने सूत्रं सोडली. ६ मार्चला त्याचं ध्वजजहाज ‘व्हिल द पारी’ मिनॉर्का बेटाहून इंग्लंडकडे निघालं आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्याला नेल्सनजवळ पुरलं. तुलाँसमोरचा पहारा त्याच्यामागून ॲडमिरल कॉटनने आणि मग ॲडमिरल पेल्यूने चालवला, नेपोलियन सिंहासनावरून उतरेपर्यंत.