घर घेताना किती मागे जायचं?

(भोपाळच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



1956 साली भोपाळ मध्यप्रदेशची राजधानी झालं, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून फायलींबरोबर अनेक मराठी कुटुंबंही इथे आली. भेलचा कारखानाही त्याच काळातला. त्या पिढीने आयुष्य सरकारी क्वार्टरात काढलं आणि निवृत्तीच्या सुमाराला कुठे हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं, कुठे अरेरा कॉलनीकडे प्लॉट घेतला. आता मुलं पुण्या-बंगळुरूला आहेत आणि घरं विकायला निघाली आहेत. विकणारे सत्तरीचे, घेणारे तिशीतले. पण वकिलाकडे दोघंही एकच प्रश्न घेऊन येतात: ‘रजिस्ट्री झाली म्हणजे झालं ना?’

नाही झालं. रजिस्ट्रीशिवाय चालत नाही, हे खरं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घर-जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. पण उपपंजीयक नोंद करतो ती व्यवहाराची. मुद्रांक शुल्क भरलंय का, माणसं तीच आहेत का, एवढं तो पाहतो. विकणारा खरा मालक आहे, अशी हमी सरकार देत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे येतो. त्याच्याकडे नसेल तर सुंदर छापलेल्या दस्तानेही येत नाही. नामांतरणाचंही तसंच. खसऱ्यात किंवा महापालिकेच्या वहीत नाव चढलं म्हणजे कर कुणाकडून घ्यायचा ते ठरलं. मालकी त्यातून जन्मत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय.

मग मालकी कशावरून ठरवायची? आधीच्या दस्तांच्या साखळीवरून. आजच्या मालकाने कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून घेतलं, असं मागे मागे जायचं. किती मागे? वकिलांची रीत तीस वर्षांची. गहाण सोडवून घ्यायला कायद्याने तीस वर्षांची मुदत दिली आहे, त्यामुळे त्या रीतीला आधार आहे. पण भोपाळमध्ये तेवढ्यावर थांबून चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण आपल्याच शहरात घडलंय.

भोपाळ संस्थानचा विलीनीकरण करार 1949 चा. नवाब हमीदुल्ला खान यांची खाजगी मालमत्ता त्यांच्याकडे राहिली. त्यांची थोरली मुलगी आबिदा सुलतान 1950 मध्ये पाकिस्तानात गेली. 1960 मध्ये नवाब वारले आणि 1962 पर्यंत भारत सरकारने दुसऱ्या मुलीला, पतौडीच्या नवाबांच्या बेगम साजिदा सुलतान यांना, उत्तराधिकारी म्हणून मान्यता दिली. त्यानंतर वर्षानुवर्षं या मालमत्तेतल्या जमिनींचे तुकडे विकले गेले, वस्त्या झाल्या, लोकांनी रजिस्ट्र्या केल्या, बँकांनी कर्जं दिली. आणि 2015 मध्ये शत्रू संपत्ती अभिरक्षकाने म्हटलं, की खरी वारस थोरली मुलगी. ती पाकिस्तानात गेली, म्हणून ही शत्रू संपत्ती, म्हणजे सरकारच्या ताब्यात जाणारी. 2017 च्या दुरुस्तीने 1968 चा शत्रू संपत्ती कायदा मागील तारखेपासून आणखी कडक झाला. उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये पतौडी कुटुंबाला अपील प्राधिकरणाकडे जायला सांगितलं. वारसांचा आपसातला दावा वेगळाच. त्यातला 2000 सालचा निकाल उच्च न्यायालयाने 2025 च्या जूनअखेर रद्द करून फेरसुनावणी सांगितली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या या आदेशाला स्थगिती दिली.

यात कोण बरोबर, ते न्यायालय ठरवील. आपला मुद्दा वेगळा आहे. कोहेफिजासारख्या भागात आज कुणी तीस वर्षांचा शोध घेतला, तर तो 1995 च्या आसपास थांबतो. वादाचं मूळ आहे 1949 ते 1962 मध्ये. म्हणजे शोध पूर्ण होतो, अहवाल स्वच्छ येतो आणि धोका त्याच्या पलीकडे तसाच बसलेला असतो. म्हणून वर्षं मोजू नका. जमीन पहिल्यांदा कुणाची होती, ते विचारा.

भोपाळमध्ये त्याची उत्तरं साधारण चार येतात. एक, नवाबी जमीन. तिच्याबद्दल आत्ताच बोललो. दोन, नजूल, म्हणजे सरकारी. इथे पट्टा कुणाच्या नावे, मुदत कधी संपते आणि हस्तांतराला परवानगी लागते का, ते पाहा. तीन, हाउसिंग बोर्ड किंवा विकास प्राधिकरणाची लीज. भूभाडं थकलंय का, लीजचं नूतनीकरण झालंय का, घर फ्री-होल्ड केलंय का, हे तपासा. इथे लोक घर विकतात असं म्हणतात, प्रत्यक्षात उरलेली लीज विकत असतात. चार, शेतीच्या खसऱ्यावर उठलेली कॉलनी. कोलार रोड किंवा होशंगाबाद रोडच्या बाजूला हे बरंच दिसतं. डायवर्शन, म्हणजे शेतजमिनीचं बिगरशेती रूपांतर, झालंय का, नगर तथा ग्राम निवेशची मंजुरी आहे का, कॉलनीची विकास परवानगी आहे का, हे तीन कागद हातात आल्याशिवाय बयाना देऊ नका.

बयान्याबद्दल दोन शब्द. इसार देऊन करार केला म्हणून घर तुमचं होत नाही. तुम्हाला फक्त करार पुरा करून मागण्याचा हक्क मिळतो. त्याची मुदत करारातल्या तारखेपासून तीन वर्षं. करारात तारीखच नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. नातेवाईक आहे, ओळखीचा आहे म्हणून दोन-दोन मुदती वाढवणारे लोक दाव्याची वेळ घालवून बसतात. तसंच मुखत्यारपत्रावर घर ‘विकण्याचं’. 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र एकत्र बांधून मालकी जात नाही. अमेरिकेतल्या मुलाने सहीसाठी वडिलांना मुखत्यार नेमणं वेगळं, ते चालतं. तो कागद तिथल्या नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत करावा आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. आणि मुखत्यार नेमणारा वारला, की तो अधिकारही सहसा संपतो.

आता घराघरांतला प्रश्न. वडील मृत्युपत्र न करता गेले. आई आणि दोन भाऊ म्हणतात, ‘ताईचं लग्न झालंय, तिची सही कशाला?’ वडिलांनी स्वतः मिळवलेल्या घरात हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखा वाटा आहे, आणि तो 1956 पासून आहे. 2005 ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेची. ताई खुशीने वाटा सोडत असेल तर हक्कत्यागाचा दस्त नोंदवा. घरगुती चिठ्ठीवर विसंबू नका. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे, एवढ्यावरून तो मालक ठरत नाही.

नवा फ्लॅट घेत असाल तर प्रकल्प मध्यप्रदेश रेराकडे नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पैशांबाबत थोडक्यात: वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेऊ नका, तेवढ्याच रकमेचा दंड बसतो. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर ही मर्यादा नाही आणि दरही बराच जास्त.

विकणाऱ्यांसाठी शेवटचं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे घरातला न दिसणारा दोष सांगणं, विक्रीपर्यंतचे कर भरणं आणि मालकीची हमी देणं ही तुमची जबाबदारी आहे. करारात लिहिली नसली तरी, आणि भोपाळ सोडून तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तरी. तेव्हा गिऱ्हाईक येण्याची वाट पाहू नका. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून मूळ कागद परत आणा, कारण मूळ दस्त बँकेत ठेवून केलेलं गहाण रजिस्ट्रीच्या शोधात दिसेलच असं नाही. लीज वाढवून घ्या, नामांतरण करून घ्या, मृत्युपत्र करा. ज्यांना या घराचा इतिहास तोंडपाठ आहे ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ती हयात असताना जो कागद एका अर्जाने मिळतो, त्यासाठी त्यांच्या मुलांना पुढे दावा लावावा लागतो.