शुल्क वकिलांचे, पैसा पीडितांचा
(अभ्यासवर्गातील भाषण)



अमेरिकेत हजारो पीडितांच्या वतीने एकच सामूहिक दावा चालतो. तडजोडीच्या रकमेतून वकिलांना किती द्यावे, हे न्यायालय ठरवते. कारण शुल्क वाढले की पीडितांचा वाटा घटतो.

हिशेबाच्या पद्धती दोन. पहिलीत रकमेचा हिस्सा, पुष्कळदा चौथाईच्या आसपास. तेथे स्वस्तात तडजोड उरकण्याचा मोह असतो. दुसरी १९७३ च्या लिंडी निकालाने रूढ झाली : वाजवी तास गुणिले वाजवी दर. तेथे खटला लांबवणेच किफायतशीर ठरते.

व्हिएतनाम युद्धातील एजंट ऑरेंज या विषारी रसायनाबाबत सैनिकांनी केलेल्या दाव्यात कंपन्यांनी १९८४ साली १८ कोटी डॉलर मान्य केले. चौथाईने शुल्क साडेचार कोटी झाले असते. न्यायमूर्ती वाइनस्टाइन यांनी तासांचा हिशेब तपासून ते सुमारे १ कोटीवर रोखले.

परंतु न्यायाधीशाच्या दक्षतेवर सारे सोपवून भागणार नाही. शुल्कावर हरकत घेण्याचा सदस्यांचा अधिकार २००३ च्या नियमात नमूद आहे. मात्र एकटा पीडित तो हिशेब वाचणार कसा? हिशेब मागणारी संघटना असेल, तरच त्या अधिकाराला अर्थ आहे.